सौद्यानंतरचा हिशेब
विकत घेतलेल्या छोट्या ऑनलाइन मंचांचे पुढे काय होते?

२० मे २०१३ या एकाच दिवशी अमेरिकेतील याहू कंपनीने दोन घोषणा केल्या. टंबलर नावाचा एक लोकप्रिय ऑनलाइन मंच ११० कोटी डॉलरला विकत घेत असल्याची पहिली घोषणा होती. दुसरी फ्लिकर या छायाचित्रांच्या मंचाविषयी होती. हा मंच याहूने आठ वर्षांपूर्वीच घेतलेला होता. आता तेथे प्रत्येकाला एक टेराबाइट, म्हणजे काही लाख छायाचित्रे मावतील एवढी जागा, फुकट मिळणार होती. एका हाताने मोठी खरेदी आणि दुसऱ्या हाताने मोठे दान, असा तो दिवस होता.

सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, टंबलर पुन्हा विकला गेला. त्या वेळची किंमत ३० लाख डॉलरहूनही कमी होती, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. फ्लिकर त्याआधीच, एप्रिल २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियातील एका कुटुंबाच्या कंपनीकडे गेला होता, आणि त्याच्या नव्या मालकांच्याच सांगण्यानुसार तो वर्षाकाठी कोट्यवधी डॉलर गमावीत होता. या सहा वर्षांत कोठे आग लागली नव्हती की कोणी तिजोरी फोडली नव्हती. दोन्ही दुकानांत गिऱ्हाइकांची वर्दळही चालू होती. तरीही व्यवहार आतबट्ट्याचा का ठरला, हे समजून घेण्यासाठी संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. खतावणी आणि ताळेबंद वाचता येणाऱ्या कोणालाही ते उमगण्यासारखे आहे.

आज व्यापारी घराण्यांचा अशा मंचांशी दुहेरी संबंध आहे. घरातील तरुण पिढी असे मंच उभारते, त्यांत भांडवल घालते आणि कधी चांगली किंमत आली की विकण्याचा विचार करते. दुसरीकडे घरचा माल, मालाची छायाचित्रे, ग्राहकांचे पत्ते आणि त्यांचे अभिप्राय दुसऱ्याच्या मंचावर साठलेले असतात. म्हणून सौदा झाल्यानंतर काय घडते, ही माहिती उपयोगाची आहे.

लहान मंचाचा जमाखर्च

टंबलर २००७ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्प या विशीतल्या तरुणाने सुरू केला. लोकांनी तेथे आपले लेखन, चित्रे, छायाचित्रे मांडावीत, इतरांनी ती उचलून पुढे द्यावीत, असा तो एक सार्वजनिक कट्टा होता. नोंदणीला पैसे पडत नव्हते. जाहिरातींविषयी स्वतः कार्पलाच आरंभी नावड होती. त्यामुळे गर्दी झपाट्याने वाढली. पण गल्ल्यात पैसे पडण्याची सोय मात्र फारशी झाली नाही. २०१२ साली, म्हणजे सौद्याच्या आदल्या वर्षी, त्याचे उत्पन्न सुमारे १.३ कोटी डॉलर असल्याचे प्रसिद्ध झाले होते.

येथे थोडे थांबून आकडे पाहावेत. १.३ कोटी डॉलर ही एकूण जमा होती, नफा नव्हे. तिच्यातून सर्व्हरचे भाडे, अभियंत्यांचे पगार, अनुचित मजकुरावर लक्ष ठेवणाऱ्यांचा खर्च आणि कायदेशीर सल्लागारांची फी भागवायची होती. अशा पेढीला याहूने जमेच्या सुमारे ८५ पट किंमत दिली. एखाद्या बाजारपेठेतील दुकानाला वर्षाच्या विक्रीच्या ८५ पट रक्कम कोणी देऊ केली, तर जुनाजाणता व्यापारी प्रथम विकणाऱ्याचे अभिनंदन करील आणि नंतर घेणाऱ्याच्या काळजीत पडेल.

लहान मंच स्वतःच्या मालकीचा असतो तेव्हा त्याच्यापुढील प्रश्न साधा असतो : महिन्याचा खर्च महिन्याच्या जमेत किंवा गुंतवणूकदारांच्या पैशात भागतो का? विक्री झाल्यावर याच जमाखर्चात एक नवी ओळ येते. खरेदीदाराने मोजलेल्या रकमेवर परतावा मिळायला हवा. ११० कोटींवर वर्षाला दहा टक्क्यांची साधी अपेक्षा धरली, तरी ११ कोटी डॉलरचा नफा हवा. आणि त्या मंचाची एकूण जमाच १.३ कोटी होती. मंचाने हे पैसे कर्जाऊ घेतलेले नव्हते, ते मंचाच्या कामासाठी वापरलेही गेले नव्हते. ते जुन्या भागधारकांच्या खिशात गेले. परतफेडीचा भार मात्र मंचावर, म्हणजे तेथे काम करणाऱ्यांवर आणि तेथे येणाऱ्यांवर पडला. सौद्याच्या वेळी या दोघांनाही कोणी विचारलेले नसते.

गुडविल ताळेबंदात उतरते तेव्हा

हिशेबशास्त्राचा एक नियम येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. पेढीने पन्नास वर्षे सचोटीने कमावलेला नावलौकिक तिच्या स्वतःच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. ती पेढी दुसऱ्याने विकत घेतली, की मालमत्तेच्या किमतीहून जास्त दिलेली रक्कम ‘गुडविल’ या नावाने खरेदीदाराच्या ताळेबंदात प्रकट होते. त्या क्षणापर्यंत जी केवळ माणसांच्या मनातील गोष्ट होती, ती आकडा बनते. आकडा बनल्यावर ती दरवर्षी तपासली जाते, आणि अपेक्षेइतके उत्पन्न येत नसेल तर तिचे मूल्य कमी करून ते नुकसान म्हणून दाखवावे लागते.

टंबलरच्या बाबतीत हे याहूला दोनदा करावे लागले. २०१५ सालासाठी १० कोटी डॉलर उत्पन्नाचे उद्दिष्ट जाहीरपणे ठेवले होते. २०१५ च्या अखेरच्या तिमाहीत टंबलरच्या गुडविलमधून २३ कोटी डॉलर कमी करण्यात आले. पुढे २०१६ च्या दुसऱ्या तिमाहीत आणखी ४८.२ कोटी डॉलर निर्लेखित झाले. सुमारे तीन वर्षांत दिलेल्या किमतीपैकी ७१ कोटींहून अधिक रक्कम कागदावरून पुसली गेली.

कागदावरील हा ऱ्हास प्रत्यक्ष दुकानात निराळ्या रूपाने दिसतो. उद्दिष्ट गाठण्यासाठी जाहिराती वाढतात. जाहिराती विकणारी माणसे मूळ कंपनीच्या विभागात हलविली जातात; त्यांना या मंचाचा स्वभाव ठाऊक नसतो. जाहिरातदार खूश राहावेत म्हणून नियम बदलतात. स्थापनेपासूनची माणसे एकेक करून निघून जातात. २०१७ च्या अखेरीस कार्पनेही कंपनी सोडली. तोवर याहूचाच मुख्य व्यवसाय जून २०१७ मध्ये व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीने ४४८ कोटी डॉलरला घेतलेला होता. म्हणजे टंबलरचा मालक चार वर्षांत बदलला आणि नव्या मालकाने टंबलर पाहून खरेदी केलेली नव्हती. मोठ्या गाठोड्यातून ते आपोआप आले होते. डिसेंबर २०१८ मध्ये केवळ प्रौढांसाठी असलेल्या मजकुरावर तेथे सरसकट बंदी घालण्यात आली. तिच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद असू शकतील. व्यापारी परिणाम मात्र स्पष्ट होता, वर्दळ लक्षणीयरीत्या घटली. त्याच महिन्यात व्हेरायझनने याहू आणि एओएल या आपल्या दोन्ही खरेदींच्या मिळून गुडविलमधून ४६० कोटी डॉलर कमी केले.

स्वस्त खरेदीचे ओझे

३० लाख डॉलरपेक्षाही कमी किमतीत टंबलर घेणारी कंपनी होती ऑटोमॅटिक. वर्डप्रेस डॉट कॉम ही तिची प्रमुख सेवा. वरवर पाहता हा हिऱ्याचा सौदा काचेच्या भावात झाला असे वाटेल. पण टंबलरबरोबर सुमारे २०० कर्मचारी आले, अब्जावधी नोंदींचा साठा आला आणि तो साठा चालू ठेवण्याचा रोजचा खर्च आला. कंपनीचे प्रमुख मॅट मुलेनवेग यांनी २०२३ साली उघडपणे सांगितले की टंबलरचा खर्च त्याच्या जमेपेक्षा वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलरने जास्त आहे. म्हणजे खरेदीच्या किमतीच्या दहापट रक्कम दरवर्षी तुटीपोटी जात होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील बहुतेक कर्मचाऱ्यांना कंपनीच्या इतर कामांवर हलविण्याचा निर्णय झाला.

या घटनेतून ध्यानात येते की खरेदीची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. दुसरा भाग मालकी सांभाळण्याचा असतो आणि तो कधीच संपत नाही. वाड्याची किंमत एकदाच मोजावी लागते. छपराची दुरुस्ती, रखवालदार आणि घरपट्टी दरसाल येत राहतात. ऑनलाइन मंचाला तर कुलूप लावून बंद ठेवण्याचीही सोय नाही. एक दिवस दार लावले की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, आणि त्यांच्या साठवलेल्या गोष्टी सांभाळण्याची जबाबदारी तरीही उरते.

एका कुटुंबाच्या हाती आलेला अल्बम

फ्लिकरची कथा यापेक्षा अधिक बोलकी आहे, कारण तेथे तोट्याचे कारण जास्तीची किंमत हे नव्हते. कॅनडातील व्हँकुव्हर येथे स्टुअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक या दांपत्याच्या छोट्या कंपनीने फेब्रुवारी २००४ मध्ये तो सुरू केला. मूळ बेत एक ऑनलाइन खेळ तयार करण्याचा होता. त्यातील छायाचित्रे दाखविण्याची सोय खेळापेक्षा अधिक चालली. वर्षभरातच, मार्च २००५ मध्ये, याहूने ही कंपनी घेतली. त्या वेळी बातम्यांत २.२ ते २.५ कोटी डॉलर असा आकडा आला होता. पुढील घडामोडी पाहता तो भाव अवाजवी म्हणता येणार नाही.

तेव्हा फ्लिकरचा गल्ला दोन मार्गांनी भरत होता. फुकट सभासदाची केवळ शेवटची २०० छायाचित्रे दिसत. ज्याला अधिक हवी असत, तो वर्षाला सुमारे २५ डॉलर वर्गणी भरी. वर्गणीदारांना हे मान्य होते, कारण पैशाच्या बदल्यात काय मिळते ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. २००८ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आपली जुनी छायाचित्रे येथे सर्वांसाठी खुली केली आणि जगातील अनेक संग्रहालये त्या उपक्रमात आली. दुकानाला नाव होते, शिस्त होती आणि निष्ठावान गिऱ्हाईक होते.

मोठ्या घरात आल्यावर त्याला दोन गोष्टींना तोंड द्यावे लागले. पहिली, घरातल्या घरातील रांग. मोठ्या कंपनीत कोणत्या विभागाला किती माणसे आणि किती पैसा द्यायचा हे त्याच्या उत्पन्नावरून ठरते. शोधयंत्र आणि जाहिराती यांच्यापुढे छायाचित्रांचा विभाग लहान होता. २००७ साली जुन्या सभासदांना याहूचे खाते उघडणे सक्तीचे झाले, कारण मूळ कंपनीला आपल्या सर्व दुकानांची किल्ली एकच हवी होती. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढण्याचे युग आले तेव्हा फ्लिकर मागे पडला आणि त्या जागी इन्स्टाग्राम उभे राहिले. दुसरी गोष्ट अधिक घातक ठरली, आणि ती म्हणजे २०१३ ची फुकट टेराबाइट. जाहिरातींच्या भरवशावर वर्गणीची जुनी रचना बाजूला सारण्यात आली. ज्यांना छायाचित्रकलेची आवड होती ते होतेच. आता ज्यांना केवळ फुकट गोदाम हवे होते त्यांचीही भर पडली. गोदामाचे भाडे कोण देणार, याचे उत्तर जाहिरातींतून आले नाही.

एप्रिल २०१८ मध्ये फ्लिकर ज्यांनी घेतला ती स्मगमग कंपनी वाचकांना ओळखीची वाटावी अशी आहे. क्रिस मॅकॅस्किल आणि त्यांचे पुत्र डॉन यांनी २००२ साली ती सुरू केली. घरातील इतर मंडळीही तिच्यात राबली. बाहेरचे भांडवल न घेता, पहिल्यापासून वर्गणीवर चालणारी ही घरची पेढी. तिने आपल्याहून कितीतरी विख्यात असा मंच विकत घेतला, तेव्हा त्यावर अब्जावधी छायाचित्रे होती. मालक पुढे आला नसता तर ती पुसली जाण्याची वेळ आली होती, असे डॉन मॅकॅस्किल यांनी नंतर लिहिले.

नव्या मालकांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनाच नियम नव्या रूपात आणला. फुकट सभासदाला हजार छायाचित्रांची मर्यादा. त्यापुढे वर्षाला सुमारे ५० डॉलर वर्गणी. फुकट सभासदांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक लोकांची छायाचित्रे हजाराच्या आतच आहेत, असे कंपनीने सांगितले. तरी टीका फार झाली. मर्यादेबाहेरची छायाचित्रे २०१९ च्या प्रारंभी काढली जाणार होती. आपल्या गतकाळावर कोणी किंमत लावत आहे, अशी भावना अनेकांची झाली. तेव्हा सार्वजनिक वापरासाठी खुल्या परवान्याने दिलेली छायाचित्रे आणि संग्रहालयांचा साठा या मर्यादेतून वगळण्यात आला. ही तडजोड व्यापाराच्या आणि सौजन्याच्या दोन्ही दृष्टींनी शहाणपणाची होती.

याच काळात आणखी एक अदृश्य खर्च चालू होता. फ्लिकरचा सगळा साठा याहूच्या यंत्रशाळांत होता आणि प्रवेशाची किल्लीही याहूचीच होती. एकत्र कुटुंबातून वेगळे निघताना चूल, विहीर आणि रस्ता यांची वाटणी करावी लागते, तसे हे काम होते. २०१९ साली सारा साठा दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर हलविण्यात आला आणि प्रवेशाची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. विक्रीच्या करारात हा वेगळे निघण्याचा खर्च ठळकपणे दिसत नाही. खरेदीदाराला तो नंतर भरावा लागतो.

डिसेंबर २०१९ मध्ये डॉन मॅकॅस्किल यांनी सभासदांना पत्र लिहून स्पष्ट सांगितले की तोटा पुष्कळ कमी झाला आहे, पण संपलेला नाही, आणि वर्गणीदार वाढल्यावाचून मंच चालू ठेवणे कठीण आहे. पेढीच्या मालकाने गिऱ्हाइकांसमोर वही उघडी करून ठेवण्याचे असे प्रसंग विरळाच. पुढे २०२२ साली छायाचित्रांचा हा ठेवा शंभर वर्षे टिकावा या हेतूने फ्लिकर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

पस्तीस हजार डॉलरची पेढी

तिसरे उदाहरण लहान आहे, पण हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ आहे. डेलिशस हा मंच जोशुआ शॅक्टर यांनी २००३ साली सुरू केला. इंटरनेटवर वाचलेल्या उपयुक्त पानांच्या खुणा तेथे जपून ठेवता येत आणि इतरांशी वाटून घेता येत. डिसेंबर २००५ मध्ये तोही याहूने घेतला. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१० मध्ये, तो बंद करावयाच्या सेवांच्या यादीत असल्याचे कंपनीचे अंतर्गत टिपण बाहेर फुटले आणि सभासदांची पळापळ झाली. २०११ साली यूट्यूबच्या दोन संस्थापकांच्या नव्या कंपनीने तो घेतला. त्यानंतर त्याचे मालक आणखी दोनदा बदलले.

पळापळीतील अनेकजण पिनबोर्ड नावाच्या छोट्या सेवेकडे गेले. मचेय त्सेग्वोव्स्की हा एकटा मनुष्य ती चालवीत असे. २००९ पासून त्याने पहिल्या दिवसापासूनच पैसे घेतले. आरंभी अल्प प्रवेशशुल्क होते, आणि प्रत्येक नव्या सभासदागणिक ते किंचित वाढत जाई. पुढे ते वर्षाला ११ डॉलर झाले. गुंतवणूकदार नाहीत, जाहिराती नाहीत, कर्मचाऱ्यांचा ताफा नाही. जून २०१७ मध्ये याच मनुष्याने डेलिशस ३५ हजार डॉलरला विकत घेतला. तेथे नव्या नोंदी घेणे थांबवले, जुन्या नोंदी जपल्या, आणि ज्याला हवे त्याने आपल्या नोंदी उचलून न्याव्यात अशी व्यवस्था केली. दोघांची सेवा जवळजवळ सारखीच होती. फरक इतकाच की एकाला आपला महिन्याचा खर्च कोण देते हे माहीत होते, आणि दुसऱ्याचे मालक पाच वेळा बदलूनही ते ठरले नव्हते.

भारतीय बाजारातील दाखले

हे सारे अमेरिकेत घडले; पण या प्रकारचे सौदे आपल्याकडेही झाले आहेत आणि त्यांचा परिणाम थेट व्यापाऱ्यांच्या गल्ल्यापर्यंत पोहोचला आहे. मुंबईतून चालणारा बाझी डॉट कॉम हा देशातील आरंभीचा ऑनलाइन बाजार. २००४ साली अमेरिकेच्या ईबेने तो सुमारे ५ कोटी डॉलरला घेतला. पुढे तो ईबे इंडिया झाला. २०१७ साली ईबेने आपला भारतीय व्यवसाय आणि ५० कोटी डॉलर देऊन फ्लिपकार्टमध्ये भाग घेतला, आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे इंडिया बंद झाले. ईबेला फ्लिपकार्टमधील आपला हिस्सा वॉलमार्टला विकून त्याच वर्षी सुमारे ११० कोटी डॉलर मिळाले. सौदा करणाऱ्यांच्या दृष्टीने व्यवहार उत्तम झाला. परंतु ज्यांनी त्या मंचावर वर्षानुवर्षे जुनी नाणी, टपालतिकिटे, घड्याळे किंवा सुटे भाग विकून ग्राहकांचे चांगले अभिप्राय मिळवले होते, त्यांना ते दुकान आवरावे लागले. ग्राहकांनी दिलेले तारे आणि कौल त्या मंचाशी बांधलेले असतात. बाजार उठला की ती पत गाठोड्यात बांधून नेता येत नाही.

दुसरे उदाहरण फ्रीचार्जचे. मोबाइलचे रिचार्ज आणि देयके भरण्याची ही सेवा एप्रिल २०१५ मध्ये स्नॅपडीलने घेतली. सौदा सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याचे वृत्त होते. दोन वर्षांनी स्नॅपडील स्वतःच पैशांच्या अडचणीत आले आणि जुलै २०१७ मध्ये ॲक्सिस बँकेने फ्रीचार्ज ३८५ कोटी रुपयांना, म्हणजे सुमारे ६ कोटी डॉलरला घेतले. येथे शिकण्यासारखे हे की घेतलेल्या सेवेची तब्येत घेणाऱ्याच्या तब्येतीवर अवलंबून राहते. आईबापांचे भांडवल आटले, तर धडधाकट मुलाचेही शिक्षण थांबते.

सगळेच सौदे बुडतात असे नाही

एकच बाजू सांगणे न्याय्य होणार नाही. गूगलने २००६ साली यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घेतले तेव्हाही अनेकांनी नाक मुरडले होते. फेसबुकने २०१२ साली इन्स्टाग्रामसाठी १०० कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा तेथे अवघे १३ कर्मचारी होते. हे दोन्ही मंच पुढे प्रचंड वाढले. कारण पाहिले तर खरेदीदारांजवळ जाहिराती विकण्याची तयार यंत्रणा होती आणि सर्व्हरचा अफाट खर्च कित्येक वर्षे सोसण्याची ताकद होती. बोट नवी घेतली, पण धक्का आणि खलाशी आधीपासून होते. याहूपाशी पैसे होते. पण त्या मंचांना उत्पन्न मिळवून देणारी यंत्रणा तेवढ्या जोमाची नव्हती. आणि यूट्यूब, इन्स्टाग्रामच्या ग्राहकांनाही किंमत चुकवावी लागलीच. पैशांऐवजी त्यांनी जाहिराती पाहण्यात वेळ दिला आणि स्वतःविषयीची माहिती दिली.

घराने विचारावयाचे प्रश्न

या दाखल्यांवरून व्यापारी घरासाठी काही गोष्टी निघतात. घरातील मुला-मुलींनी उभारलेल्या मंचाला मोठी मागणी आली, तर आकड्याने हुरळून जाण्याआधी तो आकडा मंचाच्या सध्याच्या जमेच्या किती पट आहे ते मांडून पाहावे. फार मोठी पट असेल, तर ती वसूल करण्याची घाई सौद्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होईल, आणि बहुधा संस्थापकाला त्याच काळात काही वर्षे नोकरीवर थांबण्याची अट असेल. मोबदला रोख किती, खरेदीदाराच्या भागांत किती, आणि पुढील उद्दिष्टांवर अवलंबून किती, हे वेगळे लिहून काढावे. कर्मचारी आणि जुने ग्राहक यांच्याविषयीची वचने तोंडी राहू देऊ नयेत. टंबलर घेताना त्याचा विचका होऊ देणार नाही, असे याहूने जाहीरपणे म्हटले होते. करारात न उतरलेल्या सदिच्छेला तिमाही निकालांपुढे बळ राहत नाही.

घेणारे घर असेल, तर खरेदीच्या किमतीशेजारी तीन वर्षांच्या तुटीचा आणि वेगळे निघण्याच्या खर्चाचा अंदाज ठेवावा. फुकटाला सवकलेल्या ग्राहकाकडे वर्गणी मागायची असेल, तर स्मगमगप्रमाणे कारण आणि आकडे सांगून मागावी. त्याने काहीजण रागावतील; पण जे थांबतील ते जाणून थांबतील.

आणि ज्यांचा माल दुसऱ्याच्या मंचावर आहे, अशी बहुसंख्य घरे असतील, त्यांनी एक सवय लावावी. मालाची छायाचित्रे, विक्रीचे तपशील आणि ग्राहकांच्या संमतीने ठेवलेले पत्ते यांची प्रत दर महिन्याला स्वतःच्या संगणकात उतरवून घ्यावी. लग्नकार्याच्या, तीर्थयात्रेच्या, वडीलधाऱ्यांच्या छायाचित्रांनाही हाच नियम लागू करावा. विक्रीचा मोठा हिस्सा एकाच मंचावरून येत असेल, तर दुसरे दार उघडे ठेवावे, मग ते कितीही लहान असो.

पूर्वी पेठेत गाळा घेताना जाणती माणसे मालक कोण, पागडी किती आणि शेजारी कोण एवढे विचारून थांबत नसत. हा मालक गाळा का ठेवतो आणि किती दिवस ठेवील, याचीही चौकशी करीत. ऑनलाइन मंचावर दुकान मांडताना ती चौकशी आजही करता येते. मंच कोणाच्या मालकीचा, तो कोणाच्या पैशावर चालतो आणि पुढच्या वर्षी त्याचा खर्च कोण भरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर आपल्या वस्तूंची प्रत घरी असणे अधिकच आवश्यक ठरते.